पार्वतीचं इंग्रजी

६ ऑक्टोबर १९४१

येतो म्हणतो — उन्हाळ्यात — आणि तिला घेऊन! व्यंकटेशचं पत्र आलं रंगूनहून. पोरगा तिकडे लाकडाच्या वखारीत हिशेबनीस आहे. गेला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं, आता बायको घेऊन येणार. दोन वर्षांमागे तिकडच्याच दवाखान्यातल्या एका नर्सबाईशी लग्न केलं. ग्रेस तिचं नाव. कारेन म्हणून तिकडे डोंगरी लोक आहेत, त्यांच्यातली, ख्रिस्ती. कळलं तेव्हा या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं. आता ते सगळं विरलं. म्हातारपणी रागसुद्धा फार दिवस सांभाळवत नाही.

सूनबाईला तिची बोली येते, ब्रह्मी येते आणि इंग्रजी. मराठीचा एक शब्द नाही.

पत्र मोठ्याने वाचलं. ही चुलीपुढे बसून ऐकत होती. भाकरी थापायची थांबली.

"म्हंजे ती या घरात येईल, अन् तुमच्याशीच बोलंल."

मी म्हटलं, ती काय म्हणते ते मी तुला सांगत जाईन की.

"सासू-सुनंच्या मधी सासरा कशाला?"

७ ऑक्टोबर

"मला इंग्रजी शिकवा." — हिचे शब्द! साठीला टेकलेली बाई. मी हसलो. ती हसली नाही.

९ ऑक्टोबर

पहिला तास. झोपाळ्यावर मी, खाली चटईवर ही, मांडीवर निवडायच्या तुरीचं सूप. हात तुरीत, कान माझ्याकडे.

गावच्या पोरांना जन्मभर इंग्रजी शिकवलं. कापसाच्या अडत्यांची, देशमुखांची, वकिलांची. घरात एक माणूस होतं ते सुटलंच. कधी मनात आलं नाही. तिच्याही नसेल आलं. की आलं होतं, आणि बोलली नाही? आता विचारून काय!

बोलण्यापासून सुरुवात करावी हे बरं होतं. पण सवय. मी कर्ता-क्रियापदावरूनच धरलं — कर्ता एकटा असला म्हणजे क्रियापद कसं, पुष्कळ असले म्हणजे कसं. त्याच्याशिवाय इंग्रजीत पाऊल टाकता येत नाही, असं मी शाळेत म्हणायचो. शाळेसाठी रचलेल्या ओळी अजून पाठ आहेत —

एकटा असतो कर्ता, क्रियेला 'स' सोबती;
चार मिळता कर्ते, त्याची संगत सोडती.

हिने दोनदा म्हणून घेतल्या. चाल लावून! ओवीची चाल.

"चांगलंय," म्हणाली. "एकट्याला सोबत. चौघांना कशाला लागती?"

असा अर्थ माझ्याच ध्यानात नव्हता.

१० ऑक्टोबर

दिवसभर शाळा डोळ्यांपुढे. छावणीकडची ती कौलारू इमारत. खिडकीतून सरकीचा वास यायचा. "आय गो, यू गो, ही गोज" — त्या "गोज"वर सगळ्या वर्गाचा आवाज असा चढायचा, जसा कवायतीत पाय आपटावा. व्याकरणाचा तास असला तरी शेवटचा थोडा वेळ मी कवितेसाठी चोरायचो. पुस्तकातल्या त्या विलायती वसंताच्या कविता! कधी न पाहिलेल्या फुलांवर मी किती वर्षं बोललो. आणि कयाधूच्या काठी पळस फुललेला असायचा, तो एकाही पोराला धड दाखवला नाही.

गेले ते दिवस. पोरंही गेली. एखादा बाजारात भेटतो, "मास्तर, ओळखलंत का?" म्हणतो. मी हो म्हणतो.

१३ ऑक्टोबर

आज मोठी गंमत. म्हटलं, माझ्याबद्दल एक वाक्य कर. माय हसबंड —

"माय हसबंड आर ओल्ड."

म्हटलं, आर नव्हे. मी एकटा आहे. इज.

"नाही म्हणायची मी तसं."

"अगं, मी काय चारजण आहे?"

"तुमी एकटेच हाव. पण तुमाला एकेरीवर कशी आणू? जीभ झडंल माझी. 'हा म्हातारा आहे' — असं म्हणू?"

किती समजावलं! इंग्रजीत आदराला अनेकवचन नसतं. तिथे बापालाही इज, गुरूलाही इज, बादशहालाही इज. ऐकेना. मग मी रागावून विचारलं, बरं, व्यंकटेशबद्दल सांग.

"व्यंकटेश इज गुड," एका दमात!

"हे कसं जमलं?"

"तो लेकरू आहे. लेकराला काय, तो इज. तुमी आर."

हे काय व्याकरण! पण खरं सांगायचं तर बसल्याबसल्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचं असेल.

१४ ऑक्टोबर

समोरच्या बंडोपंतांना कालचं सांगितलं. ते कचेरीत पेशकार; आयुष्य उर्दूत गेलं. म्हणाले, "बादशहालाही इज? तौबा! आमच्या तहसीलदारसाहेबांना कळू देऊ नका मास्तर. मुलखातून इंग्रजी बंद करतील." मग हळूच, "वहिनींचं बराबर आहे. उर्दूतही साहेब एकटे येत नसतात, साहेब येतात."

घरी येऊन हिला सांगितलं. "बघा!" म्हणाली.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळ करताना तास चालू. "चकली इज, चकल्या आर." कढईतून काढताना मोजत होती — इज, आर, आर, आर. एक फुटली तेव्हा "इज गॉन" म्हणाली. गॉन कुठून उचललं? घरी शिकवणीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी म्हणायचो, ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं म्हणे.

३ नोव्हेंबर

नरसीच्या वाटेवरून शकुबाई दूध घेऊन येते. ही तिला उंबऱ्यात उभी करून म्हणाली, "शकुबाई ब्रिंग्ज मिल्क."

शकुबाई चरवी खाली ठेवून कमरेवर हात. "काय म्हनून राहिल्या मास्तरीनबाई? पानी घालते म्हनता का दुधात?"

"न्हाई गं माय. तुझं कौतुक केलं."

"कौतुक मराठीत करा की. इंग्रजीत कायबी म्हनाल अन् म्या हसत बसंन."

पण "ब्रिंग्ज"मधला "ज" स्वच्छ आला. मी आतून ऐकला.

१९ नोव्हेंबर

आज मीच बिघडवलं. ही आपणहून बोलायला लागली होती. सून आल्यावर तिला काय विचारायचं त्याची तयारी. "यू इज टायर्ड? यू ईट?" मी झोपाळ्याच्या फळीवर पट्टी आपटली — आर! यू आर! सवय हो, सवय. हिने पुन्हा तुरीत डोकं घातलं. तुरी निवडून झाल्या तरी सूप मांडीवरच.

२० नोव्हेंबर

तास झाला नाही. कपाशी वेचायला बाया चालल्या आहेत, ही त्यांच्याकडे पाहत दारात उभी.

२ डिसेंबर

पुन्हा सुरू. पण आता पट्टी मी माळ्यावर टाकली आहे. कविता शिकवू म्हटलं. माझी आवडती, वसंतावरची. कागदावर मराठी अक्षरात लिहून दिली. हिने पाठ केली, अर्थासकट. मग विचारते, "ह्यातलं सुनंला काय विचारू? तिला भूक लागली का, हे कुठल्या ओळीत हाय?"

कागद तिच्या हातून परत घेतला.

२६ डिसेंबर

बंडोपंत कचेरीतून वर्तमानपत्र घेऊन धावत आले. जपान्यांनी रंगूनवर बाँब टाकले. नाताळाच्या आदल्या दिवसांत. बाजारात माणसं पाहायला उभी होती वर — विमानं कसली ती पाहायला. शेकड्यांनी मेली.

हिला कसं सांगू याचा विचार करत होतो. ही मागेच उभी होती. "वखार बाजारात आहे का दूर?"

मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही त्याला. पत्रात तो लिहायचा तेवढंच.

२७ डिसेंबर

तार करायला गेलो. तिकडची तार घेत नाहीत म्हणाले.

८ जानेवारी १९४२

पत्र नाही.

१५ जानेवारी

संक्रांत काल झाली. तीळ वाटले, वाण दिलं, सगळं यंत्रासारखं. संध्याकाळी ही चटई टाकून बसली. "चला."

म्हटलं, कशाचा तास आता, पार्वती?

"तो येईल तवा ती संगं असंल. दोघं दमलेली असतील. मी काय मुकी बसू?"

मग तुरीकडे पाहत, "एक सांगू? टोकू नका. तुमी टोकता अन् माझं बोलणं आतच राहून जातं. चुकलं तर चुकू द्या."

हे मला आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याने सांगितलं नाही. सांगायची सोयच नव्हती. किती पोरांचं काय काय आतच राहिलं असेल! वर्ग कसा शांत असायचा माझा — मला त्याचा अभिमान होता.

१६ जानेवारी

टोकलं नाही. जीभ चावून बसलो. ही बोलत गेली. इज आणि आर यांची नुसती जत्रा. "माय सन आर कमिंग. ही कम. यू सिट. यू नो क्राय." टोकायचं नाही म्हटल्यावर ऐकायला लागलो, आणि मग कळलं ही काय काय बोलते ते. बहुतेक सगळं त्याच्याबद्दलच होतं.

पण एक. व्यंकटेशला आज "आर" म्हणाली. लेकरू म्हणून इज म्हणणारी. विचारलं. म्हणाली, "लांबून येऊन राहिला. एवढं सोसून. मान नको द्यायला?"

११ फेब्रुवारी

रंगूनहून माणसं चालत निघाली आहेत म्हणे. समुद्राकडच्या डोंगरातून, जंगलातून, चितगावकडे. बंडोपंतांच्या कचेरीत एक मारवाडी येतो, त्याचा पुतण्या पोचला कलकत्त्याला. वाटेत पाणी नाही, पटकी आहे. पण पोचतात. पोचतात असं म्हणाला — मी दोनदा विचारून घेतलं.

व्यंकटेश लहानपणी इथून कयाधूपर्यंत माझ्याबरोबर चालायचा आणि परतताना खांद्यावर घ्या म्हणायचा. खांद्यावर बसून कविता म्हणायचा. वजन काहीच नव्हतं.

१० मार्च

रंगून पडलं. इंग्रज निघून गेले.

ही विचारते, "मग आता तिथं कोण राहिलं?"

१७ मार्च

पाडवा. गुढी उभारली. हिने साखरेच्या दोन गाठी बाजूला ठेवल्या, त्या दोघांच्या म्हणून.

२७ मार्च

आली! सूनबाई आली!

आज एकादशी म्हणून मी सोनाजी गाडीवानाच्या दमणीतून, बैल जुंपून, सकाळीच नरसीला गेलो होतो. देवाला काय मागितलं ते इथे लिहीत नाही. दिवेलागणीला परत आलो तर उंबऱ्यात परक्या चपला. आत ही आणि एक काळीसावळी, ठेंगणी, चपट्या नाकाची पोर, कुणीतरी दिलेल्या जाड्याभरड्या पातळात. इतकी वाळलेली की हाताची हाडं दिसतात. मला पाहून उठली, पायांशी वाकली. व्यंकटेशने शिकवलं असणार. मग इंग्रजीत, अगदी हळू, म्हणाली, "ही इज कमिंग, फादर. ही इज कमिंग बिहाइंड."

मी चपलांसकटच पुढे झालो. आनंदाने. मी विचारायला तोंड उघडलं — कुठे आहे, कसा आहे — तर ही मध्ये आली. सुनेच्या डोक्यावरून पदर ओढला चांगला हनुवटीपर्यंत.

"बस झालं. सासऱ्यासमोर सून एवढी बोलत नसती."

मी बघतच राहिलो! सहा महिने घोकंपट्टी केली ती काय पदर ओढायला?

"तुमी पाय धुवा. मी विचारलंय सगळं. चितगावच्या अलीकडं आजारी माणसांची एक टोळी होती, त्यांच्यासाठी तो मागं राहिला. हिला पुढं धाडलं. येतो म्हणाला."

आजारी माणसांसाठी. माझा मुलगा. नरसीचा नामदेव पावला.

हिचे केस ओले होते. या वेळी डोक्यावरून न्हालीस? म्हटलं. "घाम आला हुता," म्हणाली. उपासाचंही काही खाल्लं नव्हतं. घरात पाहुणा आल्याची गडबड.

२९ मार्च

हिने सुनेचं नाव ठेवलं — गिरिजा. ताटात तांदूळ पसरून बोटाने लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं. "कुंकू नाही लावलंस?" विचारलं. "ख्रिस्ती आहे. तिच्या धर्माला काहून हात लावू?" किती शहाणी झाली ही!

पण माझ्याशी बोलू देत नाही. काही केल्या नाही. बंडोपंतांच्या घरी सुना सासऱ्याशी बोलतात, तिथे या बाईने पणजीच्या वेळचा रिवाज काढला. गावात इंग्रजीत चार शब्द बोलावे असं माणूस मला कित्येक वर्षांत मिळालं नाही. आता घरात आहे, आणि मधे पदर!

१ एप्रिल

आता मी दुभाषी ठेवून आहे. आणि दुभाषी कोण? तर पार्वती! मी प्रश्न करतो, ही स्वयंपाकघरात जाते, आतून कुजबुज ऐकू येते, मग येऊन उत्तर देते. आज म्हटलं, निदान माझं वाक्य जसंच्या तसं सांग, मी नीट जुळवून देतो. तर म्हणाली, "तुमचं इंग्रजी तिला कळत न्हाई."

"माझं?"

"पुस्तकातलं आहे तुमचं."

बंडोपंत इतके हसले की ठसका लागला.

४ एप्रिल

संध्याकाळच्या पूर्णेच्या गाडीला रोज जातो. स्टेशनमास्तर आता खुर्ची देतो. आज विचारलं, "चिरंजीव कधी येणार?" म्हटलं, वाटेत आहे.

परत येताना पाहिलं, कयाधूच्या अलीकडे पळस अजून थोडा शिल्लक आहे. बाकी गळला. व्यंकटेश आला म्हणजे पहिल्यांदा त्याला तो दाखवायचा.

७ एप्रिल

त्याची खोली सफेदीने रंगवून घेतली. भिंतीवर लहानपणी कोळशाने लिहिलेली त्याची अक्षरं होती, ती गेली. आधी ध्यानात यायला हवं होतं. ही येऊन भिंतीकडे पाहून गेली. 

शकुबाईच्या पायाला काटा रुतून पू झाला होता. गिरिजाने गरम पाण्याने धुऊन, चिरून, बांधून दिला. शकुबाई ओरडत होती आणि गिरिजा तिच्या बोलीत काहीतरी गात होती, लहान मुलाला गावं तसं. "मास्तरीनबाई," शकुबाई म्हणाली, "सून हुश्शार हाय. पन रडून राहिली ना माझा पाय बांधताना. म्या न्हाई रडले, ती रडली."

हळवी आहे पोर.

११ एप्रिल

तो आल्यावर म्हणायची कविता रचतो आहे. आर्येत. चार ओळी झाल्या. हिला वाचून दाखवली. ऐकून म्हणाली, "पुरी करा. सावकाश करा." आणि आत गेली. पूर्वी माझ्या कवितेवर ही नेहमी काहीतरी टोमणा मारायची.

तिचं हल्ली चित्त नाही. देवाची पूजाही मलाच करायला लावते; गुडघे दुखतात म्हणते. मी दुपारी रागावलो. म्हटलं, मुलगा संकटातून सुटून घरी येतो आहे, आणि तू तोंड पाडून बसतेस! सुनेलाही तेच शिकवतेस! आतून नुसता चूल फुंकल्याचा आवाज आला.

१३ एप्रिल

दुपारी डोळा लागला होता. जागा झालो तो माजघरातून आवाज. दोघी बोलत होत्या. गिरिजाचा आवाज सलग, आणि मधेमधे पार्वतीचा — "ही आस्क वॉटर? यू गिव्ह? ही ड्रिंक?" सगळं चुकीचं! एकाही क्रियापदाला शेपूट नाही. पण गिरिजाला कळत होतं, ती उत्तर देत होती, आणि पार्वतीला ते कळत होतं. वाटेतल्या कुण्या आजाऱ्याची गोष्ट सांगत असावी. मी पडल्यापडल्या ऐकलं. न टोकता. शाळेत एकदा जरी असं ऐकलं असतं! शेवटी माठातून पाणी ओतल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता माझा विद्यार्थी पास झाला. उठून सांगावंसं वाटलं. उठलो नाही.

१६ एप्रिल

गाडीला गेलो. कोणी नाही. ऊन फार.

१८ एप्रिल

अक्षय तृतीया. सकाळी पितरांच्या घागरी मांडल्या. एक वडिलांची, एक आईची. पाणी घालायला बसलो तर हिने कोरी तिसरी आणून शेजारी ठेवली.

"ही कुणाची?"

गिरिजा दारात उभी. आज डोक्यावर पदर नव्हता.

"चितगावच्या अलीकडं, डोंगरात," पार्वती म्हणाली. "पटकीनं. ती आली त्याच दुपारी सांगितलं तिनं मला. तुमाला सांगू नको असं मीच तिला म्हटलं."

मी काय विचारावं! मी विचारलं, कुठल्या भाषेत सांगितलं तिनं तुला?

"तुमीच शिकवलेल्या."

मग म्हणाली, "घरात एक तरी माणूस त्याची वाट पाहणारं पाहिजे हुतं. म्हणून न्हाई सांगितलं. आता घाला पाणी."

घातलं.